कुरकुरणारं दार

अगं, काल रात्री तू फोन ठेवलास आणि मी बराच वेळ गॅलरीतच बसून राहिले. "ताई, चारच फाईली आहेत गं, पण रिव्ह्यूत काय लिहायचं तेच सुचत नाहीये," असं म्हणालीस ना, त्यातलं ते 'चारच' माझ्या डोक्यातून जाईना. आणि पुढचं वाक्य तर आणखीच. "मूळ पॅच लिनसने लिहिलाय, त्यात मी काय चुका काढणार?"

आता नीट ऐक. पहिली गोष्ट, तुझ्यासमोर आहे तो लिनक्सवाल्या लिनस टोरवाल्ड्सचा पॅच नाही. तो तुझ्या शेजारच्या टेबलावरच्या मुलाने तुमच्या कंपनीच्या जुन्या लिनक्स कर्नलमध्ये आणून बसवलेला पॅच आहे. सासरी आलेली मुलगी आणि माहेरची मुलगी एकच असली तरी घर बदललेलं असतं. दुसरी गोष्ट, खुद्द लिनसच्या त्या पॅचमध्येही एक चूक राहिली होती. होय. एका अंकाची. तिच्यावर मी येतेच, पण आधी तो पॅच मुळात आला का, हे तुला पोटातून कळायला हवं. नुसत्या ओळी ताडून पाहण्याला रिव्ह्यू म्हणत नाहीत. ते काम दोन फाईली शेजारी ठेवून यंत्रही करतं.

तर पत्त्यांपासून सुरू करू. चौसष्ट बिटांचा पॉइंटर असला तरी आपल्या नेहमीच्या इंटेल किंवा एएमडी प्रोसेसरवर खरे कामाचे बिट ४८. वरचे सगळे बिट सत्तेचाळीस क्रमांकाच्या बिटाची नक्कल करतात. सगळे शून्य असले तर खालचा अर्धा भाग, म्हणजे तुझ्यामाझ्या प्रोग्रामचा, १२८ टेराबाइटचा. सगळे एक असले तर वरचा अर्धा, कर्नलचा. आणि मधे ओसाड माळ. तिथला पत्ता कुणाचाच नाही, त्याला नॉन-कॅनॉनिकल म्हणतात. हा ओसाड माळ लक्षात ठेव, सगळी गोष्ट तिथेच घडते.

प्रोग्राम कर्नलला म्हणतो, "या पत्त्यावरचा मजकूर वाच." कर्नलने आधी बघायला हवं की पत्ता त्याच्याच हद्दीतला आहे ना, नाहीतर कुणीही कर्नलच्या तिजोरीचा पत्ता देऊन आतलं वाचून घेईल. ही तपासणी म्हणजे अ‍ॅक्सेस-ओके. साधं 'जर-तर'. पण 'जर-तर' म्हटलं की प्रोसेसर अंदाज बांधतो, आणि २०१८च्या जानेवारीत मेल्टडाऊन आणि स्पेक्टर बाहेर आल्यापासून आपल्या धंद्यातल्या सगळ्यांची झोप या अंदाजानेच उडवली आहे.

आपल्या आईचं आठव ना. दाराची बेल वाजली की कोण आलंय हे बघायच्या आतच ती चहाचं आधण ठेवायची. बहुतेक वेळा काकाच असायचे, वेळ वाचायचा. कधी कुरियरवाला निघाला की ती आधण ओतून टाकायची, जणू काही झालंच नाही. पण पातेलं गरम राहायचं. कुणी नुसता हात लावून पाहिलं तरी कळेल की या घरात आत्ता कुणाची तरी वाट पाहिली गेली. प्रोसेसरचं कॅशे म्हणजे ते गरम पातेलं. अंदाज चुकला की निकाल फेकून देतात, पण कॅशेत काय आलं त्याची ऊब राहते, आणि चोर ती ऊब घड्याळ लावून मोजतो.

यावर एक उपाय म्हणजे तपासणीनंतर प्रोसेसरला दमात घ्यायचं, "आधीचं सगळं पक्कं होईपर्यंत पाऊल टाकू नकोस." पण हा अडसर महाग. आणि फाईल उघडणं, नाव वाचणं असल्या क्षणाक्षणाला होणाऱ्या कामात तो प्रत्येक वेळी पडतो. म्हणून लिनक्सच्या ६.१२ आवृत्तीसाठी लिनसने दुसरी वाट धरली, मास्किंगची. 'जर-तर' नकोच. पत्त्याचा सगळ्यात वरचा बिट घ्यायचा, तो चौसष्टच्या चौसष्ट जागांवर पसरवायचा आणि मूळ पत्त्याशी 'ऑर' करायचा. पत्ता प्रोग्रामचा असेल तर वरचा बिट शून्य, पत्ता जसाच्या तसा. कर्नलचा असेल तर सगळे बिट एक, आणि त्या पत्त्यावर काहीच नसल्याने वाचायला जाणारा तोंडावर आपटतो. हे गणित आहे, गणिताचा अंदाज प्रोसेसर बांधत नाही. फार सुरेख कल्पना, मला अजूनही आवडते.

फक्त त्यात ओसाड माळाचा पुरता विचार नव्हता. वरचा बिट शून्य, पण मधले काही बिट एक, असा पत्ता कुणी दिला तर? मास्किंग त्याला हात लावत नाही. तेव्हा वाटलं, लावायची गरज काय, असा पत्ता प्रोसेसर स्वतःच नाकारेल. नाकारतोही, पण शेवटी. त्याआधी एएमडीचे प्रोसेसर अंदाजाच्या भरात वरचे बिट न बघता खालच्या अठ्ठेचाळिसांवरूनच काम पुढे रेटू शकतात, हे जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या तांत्रिक विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ मध्येच दाखवलं होतं. त्या दोषाला नंबरही आहे, सीव्हीई-२०२०-१२९६५. लिनसने नंतर गमतीत त्याला 'मेल्टडाऊन लाइट' म्हटलं.

मग तो दोष माहीत असताना इतकी वर्षं कुणाला काही झालं कसं नाही? इथे खरी मेख आहे, आणि तुझ्या रिव्ह्यूत मला सगळ्यात जास्त हेच समजलेलं दिसायला हवंय.

आजोळच्या वाड्याचं मागचं दार आठवतं? उघडलं की असं कुरकुरायचं की सगळं घर जागं व्हायचं. आजी म्हणायची तेल घाला, आणि आजोबा दर वेळी टाळायचे. आम्हाला वाटायचं कंजूषपणा. नंतर एकदा मामाने हौसेने तेल घातलं, आणि त्याच महिन्यात परसातला तांब्याचा बंब गेला.

कर्नल प्रोग्रामच्या मेमरीला हात लावण्याआधी स्टॅक नावाची एक सूचना देतो आणि काम झालं की क्लॅक. (रचून ठेवायचा तो स्टॅक हा नव्हे, नावात गोंधळू नकोस.) कडी काढायची, कडी लावायची. एएमडीच्या जुन्या झेन प्रोसेसरांवर ही कडी काढताना सगळा कारभार क्षणभर थांबायचा. आधीच्या सूचना पक्क्या झाल्याशिवाय पुढे जाणं नाही. म्हणजे अंदाजाने धावायला वावच नाही. कडी त्यासाठी केलेली नव्हती, पण रखवाली तीच करत होती. २०२४ मध्ये झेन ५ आला आणि एएमडीने त्या कडीला तेल घातलं. ती चटकन उघडू लागली, कारभार थांबेना. वेग वाढला, सगळे खूश. आणि ओसाड माळाचं मागचं दार मुकाट्याने उघडं राहिलं.

हे कळवलं अँड्र्यू कूपरने. तो झेन हायपरव्हायजरवर काम करतो. तो झेन वेगळा आणि प्रोसेसरचा झेन वेगळा, इंग्रजीत अक्षरं निराळी आहेत. आपल्या लिपीत मात्र दोघे जुळे भाऊ.

मग ऑक्टोबर २०२४ मध्ये लिनसने दुरुस्ती केली. आता नुसता वरचा बिट बघायचा नाही. प्रोग्रामच्या हद्दीचा खरा शेवटचा आकडा घ्यायचा आणि त्यातून पत्ता वजा करायचा. हातचा घ्यावा लागला तर पत्ता हद्दीबाहेरचा, मग सगळे बिट एक. पुन्हा 'जर-तर' नाहीच, मोजक्याच सूचना. ओसाड माळही आता हद्दीबाहेर.

तुझ्या त्या चार फाईली याच. एकीत मास्किंग आणि अ‍ॅक्सेस-ओकेची तपासणी, दुसरीत गेट-युजरची, म्हणजे वाचण्याच्या बाजूची, असेंब्ली, तिसरीत हद्दीचा आकडा बूट होताना ठरवणारी ओळ, चौथी लिंकरची. पहिल्या दोन तू डोळ्यांत तेल घालून वाचल्यास, हे तुझ्या बोलण्यावरून कळलं. तिसरीबद्दल म्हणालीस, "ती काय, एक ओळ आहे." बाई गं! तीच ओळ नीट बघ.

हद्दीचा आकडा आधीपासून लिहून ठेवता येत नाही, कारण काही यंत्रांवर पत्ते ४८ बिटांचे, काहींवर ५७ बिटांचे. आणि दर वेळी मेमरीतून आकडा आणणं परवडत नाही. म्हणून सूचनेच्या पोटातच एक खोटा आकडा भरून ठेवतात, आणि बूट होताना खरा आकडा त्या जागी कोरतात. खोटा आकडा मोठा लोभस आहे: शून्यापासून नऊपर्यंत सगळे अंक ओळीने आणि मग ए ते एफ. डोळ्याला लगेच दिसावा म्हणूनच तसा निवडला असणार.

आता समज, जुन्या कर्नलमध्ये पॅच आणताना ती कोरायची ओळ गळली. किंवा अशा जागी पडली की चालतच नाही. काय होईल? सांगते: काहीच होणार नाही. कंपाइल होईल. यंत्र सुरू होईल. चाचण्या हिरव्या होतील. खोटा आकडा खऱ्या हद्दीपेक्षा खूप मोठा आहे, त्यामुळे प्रोग्रामचा प्रत्येक बरोबर पत्ता पास. कर्नलचे पत्ते त्याहूनही मोठे, तेही पूर्वीसारखेच अडतील. आणि ओसाड माळाचा खालचा मोठा तुकडा, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप केला, तो तसाच मोकळा. पॅच लावला म्हणून कागदावर नोंद, आणि दार उघडंच. त्यामुळे त्या मुलाला विचार, "चालू यंत्रावर त्या सूचनेच्या पोटात शेवटी कोणता आकडा बसला, ते पाहिलंस का?" पाहिला असेल तर तो आकडा रिव्ह्यूत लिहून मागून घे. "हो, पाहिलं" एवढ्यावर सोडू नकोस.

आता ती एका अंकाची चूक.

चार पातळ्यांच्या पेजिंगवर प्रोग्रामची हद्द पूर्ण १२८ टेराबाइटवर संपत नाही. अगदी वरचं ४०९६ बाइटचं एक पान मुद्दाम रिकामं ठेवलेलं असतं. यालाही कारण आहे. तिथे टोकाला सिस्टिम कॉलची सूचना बसली तर परतायचा पत्ता ओसाड माळावर पडतो आणि इंटेलचे प्रोसेसर परतताना वाईट गडबडतात. एएमडीच्या रायझेनांनाही त्या शेवटच्या पानावरून प्रोग्राम चालवला तर वेगळाच त्रास होतो. म्हणजे ते पान हे कुंपण. हेक्साडेसिमल अंकांत कुंपणाची सुरुवात अशी: सात, मग आठ वेळा एफ, मग तीन शून्यं. आणि प्रोग्रामचा शेवटचा हक्काचा बाइट त्याच्या एकच अलीकडे: सात, सात वेळा एफ, एक ई, तीन एफ. कागदावर लिही बरं एकाखाली एक. मी अजूनही लिहूनच बघते.

लिनसने कमाल आकडा ठेवला तो दुसरा, शेवटच्या हक्काच्या बाइटचा. वाचताना पटतं ना? शेवटचा चालणारा पत्ता म्हणजे कमाल. पण तीच तपासणी अ‍ॅक्सेस-ओके दुसऱ्या कामालाही वापरतो. बफरची लांबी आधी माहीत नसली की तो सुरुवात अधिक लांबी अशी बेरीज करून ती हद्दीत आहे का बघतो. आणि ती बेरीज शेवटच्या बाइटचा पत्ता देत नाही. त्याच्या पुढच्या बाइटचा देते. दहा फाळक्यांच्या कुंपणाला अकरा खांब लागतात, तसंच. म्हणजे बफर अगदी हद्दीच्या शेवटच्या बाइटवर संपत असेल तर बेरीज येते बरोबर कुंपणाच्या सुरुवातीवर, आणि बिचारा हक्काचा बफर नाकारला जातो. महिनाभराने डेव्हिड लेट यांनी ते दुरुस्त केलं. कमाल आकडा एकाने वाढवला, बस.

चूक सुरक्षेची नव्हती, उलट जास्तीच्या कडकपणाची होती, आणि इतका काठावरचा बफर रोज कोण मागतं? पण मला त्यातला पुढचा प्रश्न जास्त आवडतो, आणि तो तुला पडला तर मी ओळखीन की तू रिव्ह्यू करायला शिकलीस. आकडा एकाने ढिला केला, तर आता कुणी कुंपणाच्या पहिल्याच बाइटपासून वाचायला मागितलं तर? तपासणी त्याला सोडेल की. सोडते. लांबी लहान आणि आधीच ठरलेली असेल तर नुसती सुरुवातच बघतात, शेवट बघतही नाहीत. पण 'लहान' म्हणजे एका पानाइतकी, ४०९६ पर्यंत, आणि कुंपणही नेमकं तेवढंच रुंद. म्हणजे तो जिथे जाईल तिथे रिकामं पान, आणि तोंडावर आपटणार. हे आपोआप जमून आलेलं नाही, जमवलेलं आहे. तुमच्या कर्नलमध्ये कुणी पूर्वी तो लहानपणाचा आकडा वाढवून ठेवला असेल तर मात्र जमणार नाही. बघितलंस?

असाच आणखी एक. पुट-युजरला, म्हणजे लिहिण्याच्या बाजूला, या पॅचने हात लावलेला नाही. तू म्हणालीस, "राहिलं असेल." राहिलेलं नाही. लिहिताना काही वाचून परत येत नाही, त्यामुळे अंदाजाच्या भरात पुढे वापरायला हातात काही नसतं. पातेलं गरम व्हायला आधण तर हवं. कशाला हात लावला नाही आणि का, हेही रिव्ह्यूचंच काम. तुमच्या त्या मुलाने 'सुरक्षितता म्हणून' तिथेही बदल केला असेल तर त्याला कारण विचार. मला वाटतं तो बदल काढायला सांगावा, पण ते तुझं तू ठरव.

पॉइंटरच्या वरच्या रिकाम्या बिटांत खुणा ठेवायची इंटेलची सोय, लॅम, तुमच्याकडे सुरू आहे का तेवढं विचारून घे. ती सुरू असेल तर ओसाड माळाची व्याख्याच बदलते. बहुतेक नसेल. २०२३च्या शेवटी तिच्यावरचा हल्ला दाखवला गेल्यावर कर्नलमध्येच ती बहुतेक ठिकाणी बंद केली आहे.

आता थोडं माझं. हे मी कुणाला फारसं सांगत नाही.

माझी पहिली नोकरी. कंपनीचं नाव जाऊ दे. एका ड्रायव्हरच्या पॅचमध्ये लांबीच्या तपासणीत 'लहान किंवा समान' लिहिलं होतं, तिथे नुसतं 'लहान' हवं होतं असं मला वाटलं. लिहिणारा माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा, सगळे त्याला सर म्हणायचे. मी मेल लिहिली. "इथे समान नको ना?" मग वाटलं, उद्धट वाटेल. 'कदाचित' घातलं. मग वाटलं, माझंच काही चुकत असेल, त्यांनी विचार केला असेल. शेवटी ती ओळ ठेवली बाजूला आणि दुसऱ्या मेलमध्ये लिहून पाठवलं, "ठीक वाटतंय." तीन महिन्यांनी एका ग्राहकाकडे रात्री यंत्र बसलं. दोन दिवस सगळी टीम ते शोधत होती. सापडलं तेव्हा मला कुणी एक शब्द बोललं नाही, रिव्ह्यूवर माझं नाव असूनही. पण त्या रात्री मी माझी मेल उघडली, तर ड्राफ्ट्समध्ये ती ओळ तशीच पडलेली. तारखेसकट. 'कदाचित'सकट.

म्हणून तुला सांगते, काल तू मला फोनवर सात शंका सांगितल्यास. मी मोजल्या. त्यातल्या दोन निव्वळ चुकीच्या होत्या, एक मलाही कळली नाही, आणि चार खऱ्या. तुझ्या मसुद्यात मात्र तू एकच घेतली आहेस, आणि तीही 'माफ करा, मी नवीन आहे' असं म्हणून. ते माफ करा काढ. नवीन आहेस हे त्यांना ठाऊक आहे, पगार त्यांनीच ठरवलाय. चुकीची शंका विचारलीस तर समोरचा दोन ओळींत उत्तर देईल आणि तुला ते कायमचं कळेल. फार तर कुणी नाक मुरडेल. मुरडू दे.

मात्र विचारायची रीत सांभाळ. 'हे चुकलंय' असं लिहू नकोस, 'हे बरोबर वाटत नाही' असंही नको. पत्ता दे. "सात, आठ एफ, तीन शून्यं, हा पत्ता आणि शून्य लांबी दिली तर काय होतं?" असं विचारलं की वाद घालायला जागाच उरत नाही, त्याला करून बघावंच लागतं. आणि ज्याने लिहिलंय त्याला ते करून बघताना तुझा राग येत नाही, हा माझा अनुभव. राग येतो तो विशेषणांचा.

आणि तो मुलगा चिडलाच, म्हणाला की मूळ पॅचमध्येही असंच आहे, तर शांतपणे विचार, "मूळ पॅचमधलं, की त्यानंतरच्या दुरुस्तीतलं?" कारण मला दाट संशय आहे की तुमच्याकडे ऑक्टोबरचा पॅच आलाय आणि लेट यांचा आलेला नाही. तू काल जी ओळ वाचून दाखवलीस ना, त्यात हद्दीच्या आकड्यातून एक वजा केलेला होता. मी तेव्हा मुद्दाम बोलले नाही.

आज रात्री जेवून घे आधी. मग कागद घे, दोन्ही आकडे एकाखाली एक लिही, आणि मग टाईप करायला बस. पाठवायच्या आधी मला वाचून दाखवू नकोस.